दातात ‘सिमेंट’ भरलं म्हणजे नेमकं काय भरलं?

आमच्या घरात दात भरण्याचे दोनच प्रकार ठाऊक होते: चांदी आणि सिमेंट. आईच्या दाढेत चांदी होती. काळी पडलेली, पण शेवटपर्यंत जागची हलली नाही. माझ्या पुढच्या दातात सिमेंट. आजही नौपाड्यातल्या दवाखान्याच्या बाकावर नंबर येण्याची वाट बघत बसलं की हेच दोन शब्द कानावर पडतात. “डॉक्टर, चांदी नको, सिमेंटच भरा. दिसत नाही ते.”

दिसत नाही हे खरं. पण ते सिमेंट असतं हे बहुतेक वेळा खरं नसतं. दाताच्या रंगाचं म्हणून जे भरतात ते दोन वेगळ्या घराण्यांतलं असतं. एक कॉम्पोझिट, म्हणजे रेझिन आणि काचेची पूड. दुसरं ग्लास आयोनोमर, आणि हे मात्र नावाप्रमाणे सिमेंटच. दोन्ही पांढरट, दोन्ही दाताशी मिळतीजुळती, पण स्वभावाने अगदी उलटी. एकाला भरताना पाण्याचा थेंब चालत नाही, दुसऱ्याला पाण्याशिवाय घट्टच होता येत नाही. आपल्या दातात यातलं कुठलं आहे आणि तेच का निवडलं, हे बहुतेकांना माहीत नसतं. माझ्या मते ते माहीत असायला हवं, कारण त्या भरावाचं आयुष्य खुर्चीवरच्या अर्ध्या तासात ठरतं आणि त्या अर्ध्या तासात आपलाही वाटा असतो.

मी दातांची डॉक्टर नाही. रबाळ्याच्या एका रेझिनच्या कारखान्यात सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत काम केलं. सुरुवातीला ठाण्याहून बसने जायचे, २००४ मध्ये ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाल्यावर गाडीने. रेझिन घट्ट किती झालं, आकसलं किती, पाण्यात ठेवल्यावर फुगलं का, हेच दिवसभर बघायचं. त्यामुळे गेल्या वर्षी दाढ भरायला गेले आणि डॉक्टरांच्या ट्रेमधल्या सिरिंजवरची बारीक अक्षरं वाचली, तेव्हा त्यातली निम्मी नावं ओळखीची निघाली. मी इतके प्रश्न विचारले की त्या तरुण डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, “काकू, थांबा, दाखवतेच तुम्हाला.”

त्यांनी सिरिंजमधून वाटाण्याएवढा गोळा कागदाच्या पॅडवर काढला. मी बोट पुढे केलं तर त्यांनी थांबवलं. “हात नका लावू, कच्चं असताना काहींना ऍलर्जी येते. आम्ही ग्लव्ह्ज घातले तरी सांभाळूनच असतो.” मग स्टीलच्या पट्टीने मी तो गोळा दाबून पाहिला. फडक्यात टांगून पाणी पूर्ण गळून गेलेल्या चक्क्यासारखा. दाबला तर दबतो, सोडला तर आकार धरून राहतो, पट्टीला किंचित चिकटतो. ओल्या दातासारखा पिवळसर रंग.

या गोळ्यात तीन मुख्य गोष्टी असतात. पहिली रेझिन, म्हणजे ज्याला आपण राळ म्हणू तो चिकट द्रव. दुसरी काचेची किंवा सिलिकाची अतिशय बारीक पूड. तिसरी, या दोघांना एकमेकांशी बांधणारं सायलेन नावाचं रसायन. शिवाय चिमूटभर रंगद्रव्यं, प्रकाशाने जागं होणारं एक द्रव्य, आणि सिरिंजमध्येच घट्ट होऊन बसू नये म्हणून थोडासा प्रतिबंधक.

पुष्कळ लोक याला ‘प्लास्टिकचं फिलिंग’ म्हणतात, त्यावर मला थोडं बोलायचंय. दाढेत भरायच्या कॉम्पोझिटमध्ये वजनाने साधारण ७० ते ८० टक्के पूड असते, रेझिन उरलेलं. इमारतीच्या स्लॅबमध्ये खडी असते तसंच हे. भार खडी झेलते, मधला माल तिला धरून ठेवतो. नुसतं रेझिन भरलं तर ते मऊ राहील, पटकन झिजेल आणि घट्ट होताना फार आकसेल. खडी घालताना गवंडी मोठी, बारीक आणि रेती अशी मिसळतो, म्हणजे मोठ्यांच्या मधल्या फटी छोटी भरतात. कॉम्पोझिट बनवणारेही हेच करतात, फक्त मापं मायक्रॉनची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सुरुवातीच्या कॉम्पोझिटमध्ये क्वार्ट्‌झचे १० ते ५० मायक्रॉनचे कण असत. भक्कम, पण वरचं रेझिन झिजलं की कण उघडे पडायचे, दात खरखरीत व्हायचा आणि त्यावर डाग धरायचे. मग ०.०४ मायक्रॉनचे कण आले. चकाकी सुंदर, पण इतकी बारीक पूड रेझिनमध्ये फार मावत नाही, त्यामुळे ताकद कमी. आता दोन्हींचा मेळ घातलेली मिश्रणं वापरतात. त्यातल्या काचेत बहुधा बेरियम असतं. ते एक्स-रेमध्ये पांढरं उमटतं, म्हणून पुढे कधी भरावाखाली कीड गेलीच तर ती काळी सावली वेगळी ओळखता येते.

सायलेनकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, पण माझा जीव त्याच्यावर. काचेला पाणी आवडतं, रेझिनला आवडत नाही. दोघं नुसती मिसळली तर एकमेकांना धरत नाहीत. सायलेनच्या रेणूचं एक टोक काचेला पकडतं, दुसरं टोक रेझिनच्या साखळीत गुंफलं जातं. हे नीट झालं नाही तर काय होतं ते ठाणेकरांना सांगायला नको. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर डांबर आणि खडीच्या मध्ये पाणी शिरतं, खडी सुटते आणि खड्डा पडतो. दातातलं कॉम्पोझिटही चोवीस तास ओलं असतं, आणि वर्षानुवर्षं पाणी याच जोडावर हळूहळू काम करत राहतं. जुना भराव कधीकधी मंद, खडबडीत दिसतो त्यामागे हेही एक कारण असतं.

आता रेझिन. दातात नुसतं ऍक्रिलिक भरण्याचा प्रयोग १९४०च्या दशकात झाला होता. तो फसला, कारण ऍक्रिलिक ज्यापासून बनतं ते मिथाइल मेथाक्रिलेट घट्ट होताना आकारमानाने जवळजवळ २१ टक्के आकसतं. पूड मिसळून हा आकडा कमी केला तरी कडेने फट राहायची, लाळ आत शिरायची, खाली कीड लागायची. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌समध्ये काम करणाऱ्या राफेल बोवेन यांनी यावर वेगळा विचार केला. लहान रेणू जोडताना जास्त जोड लागतात आणि प्रत्येक जोडाला रेणू जवळ ओढले जातात. मग रेणूच मोठा घेतला तर? त्यांनी इपॉक्सीच्या जातीचा एक लांब रेणू तयार केला, बिस-जीएमए. १९६२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आजही अनेक सिरिंजांत तोच मूळ पाया आहे. तो काकवीपेक्षा घट्ट असतो, म्हणून त्यात पूड मिसळायची तर टेगडीएमए नावाचा पातळ साथीदार घालावा लागतो. साथीदार लहान रेणूचा, म्हणून तो घातला की आकसणं पुन्हा थोडं वाढतं आणि पाणीही जास्त शोषलं जातं. एक हातात घेतलं की दुसरं सुटतं. आमच्या प्रयोगशाळेतही रोजचं हेच होतं.

मग डॉक्टरांनी तो गोळा सहा-सात मिलिमीटर उंच उभा केला, त्यावर निळा दिवा धरला आणि वीस सेकंद दाबला. समोर नारिंगी ढाल धरायला सांगितली. नारिंगीच का? कारण तो रंग निळा प्रकाश गिळतो, डोळ्यांपर्यंत येऊ देत नाही. गोळ्यातलं प्रकाशाने जागं होणारं द्रव्य म्हणजे बहुधा कॅम्फरक्विनोन, दिसायला पिवळी पूड. ते ४६८ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं, सोबतच्या अमाइनशी मिळून क्रिया सुरू करून देतं, आणि पुढे रेणू एकमेकांना पकडत जातात. याच कारणासाठी डॉक्टर भरताना खुर्चीवरचा मोठा दिवा बाजूला सारतात. त्या पांढऱ्या उजेडातही थोडा निळा असतोच, आणि काम चालू असतानाच माल घट्ट व्हायला लागतो.

वीस सेकंदांनी मी पट्टीने वर ठोकलं तर टकटक आवाज आला. दगड. मग डॉक्टरांनी गोळा उलटा केला आणि खालून खरवडला. खालचा भाग तसाच चक्क्यासारखा मऊ, पट्टीबरोबर निघून आला.

“म्हणून दोन-दोन मिलिमीटरचे थर,” त्या म्हणाल्या. “वरून बोटाने दाबलं तर पेशंटला वाटतं झालं. खाली कच्चं राहिलं तर ते कुणालाच दिसत नाही.”

कॉम्पोझिटचं घट्ट होणं मोजायला आंतरराष्ट्रीय मानकातही अशीच खरवडण्याची चाचणी आहे. साच्यात भरून वरून प्रकाश द्यायचा, खालचं मऊ खरवडून टाकायचं, उरलेल्या लांबीचा निम्मा भाग हिशेबात धरायचा. निम्मा का, तर वरून कडक वाटणारा भागही तळाकडे अर्धवट शिजलेला असतो. पूर्ण शिजलेलं कॉम्पोझिट खरं तर नसतंच. जुळू शकणाऱ्या जोडांपैकी साधारण ५५ ते ७५ टक्के जुळतात, बाकीचे तसेच राहतात. दिव्याचं टोक दातापासून दूर राहिलं, त्याच्यावर आधीच्या कामाचा माल चिकटलेला असला, किंवा हात हलला, तर हा आकडा आणखी खाली येतो. आता चार मिलिमीटरपर्यंत एकाच थरात भरता येणारे प्रकारही आहेत. ते जास्त पारदर्शक ठेवतात म्हणजे प्रकाश खोल जातो. पण मग खालच्या डागांची सावली वर दिसते, त्यामुळे ते दाढेलाच बरे.

थर लावण्याचं दुसरं कारण आकसणं. आजचं कॉम्पोझिटही घट्ट होताना २ ते ३ टक्के आकसतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दाढेतला खड्डा म्हणजे चार भिंती आणि जमीन, आणि माल या पाचही बाजूंना चिकटलेला, मोकळा फक्त वरून. भाताच्या खाचरातला चिखल उन्हात वाळताना बांधापासून सुटतो, ते आठवा. इथे एकतर माल भिंतीपासून सुटतो आणि केसाहून बारीक फट राहते, नाहीतर माल धरून ठेवतो आणि दाताच्या भिंतीच आत ओढल्या जातात. भरून आल्यावर घास चावताना जी सणक येते, त्यामागे पुष्कळदा हा ताण असतो. थोडा थोडा माल, तोही तिरका, एका वेळी एकदोन भिंतींनाच टेकेल असा लावला तर ताण कमी होतो. वेळ यात जातो. कॉम्पोझिट भरणाऱ्या डॉक्टरांना अर्धा-पाऊण तास लागला तर ते संथ आहेत असं नव्हे.

आता चिकटतं कसं, ते. चांदीचा भराव दाताला चिकटत नाही, खड्डा तोंडाशी अरुंद आणि आत रुंद कोरून ती अडकवून ठेवावी लागते, त्यासाठी चांगला दातही कापला जातो. कॉम्पोझिटने हे बदललं, पण त्यामागची युक्ती कॉम्पोझिटहूनही जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात मायकेल बुओनोकोर यांना माहीत होतं की कारखान्यांत धातूला रंग धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक ऍसिड लावतात. आमच्या ठाणे-बेलापूर रोडवरही पत्र्याला रंग देणारी युनिटं हेच करायची. १९५५ मध्ये बुओनोकोर यांनी ते दातावर करून पाहिलं, ८५ टक्के ऍसिड, तीस सेकंद. दाताच्या वरच्या आवरणात, इनॅमलमध्ये, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. ऍसिडने ते जागोजागी विरघळतं आणि सूक्ष्म खाचा पडतात. पातळ रेझिन त्यात शिरतं, तिथेच घट्ट होतं आणि हजारो बारीक मुळं रोवल्यासारखं अडकून बसतं. आता ३७ टक्क्यांच्या आसपासचं निळसर जेल पंधरा-वीस सेकंद लावतात. धुऊन वाळवल्यावर इनॅमल खडूसारखं पांढरं दिसलं की झालं.

इनॅमलच्या आतलं डेंटिन मात्र अवघड. त्यात खनिज साधारण ७० टक्के, बाकी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू आणि पाणी. शिवाय ते नळ्यांनी भरलेलं असतं, एका चौरस मिलिमीटरमध्ये २० हजारांपासून नसेजवळ ४५-५० हजारांपर्यंत. त्यांतून आतलं पाणी सतत झिरपतं. ऍसिडने खनिज निघून गेलं की उरते कोलॅजनची जाळी. फार वाळवली तर ती पिळून सुकवलेल्या फडक्यासारखी चपटी होते आणि रेझिन आत जात नाही. फार ओली ठेवली तरी जात नाही. ओलसर जाळीत शिरतील अशी पाण्याशी जमवून घेणारी रेझिनं त्यासाठी बनवावी लागली. रेझिन आणि कोलॅजन यांचा हा मिश्र थर जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये दाखवून दिला. जाडी काही मायक्रॉनच. आपलं अख्खं फिलिंग त्यावर उभं असतं.

आणि या क्षणी लाळ लागली तर? लाळेतली प्रथिनं खाचांवर पातळ थर धरतात आणि रेझिनला जागाच उरत नाही. माझी आठ वर्षांपूर्वीची दाढ अशीच गेली. दुसऱ्या एका दवाखान्यात, संध्याकाळी, मला कामावरून घरी परतायची घाई. “डॉक्टर, जरा लवकर,” असं मी दोनदा म्हटलं. गालात ठेवलेला कापूस भिजला होता, तो बदलला नाही, मध्ये मी तोंड मिटून गिळलं, डॉक्टर फोनवर बोलत होते. पाच महिन्यांनी शेंगदाणे खाताना अख्खा तुकडा हातात आला. खालची बाजू गुळगुळीत, दाताचा कणही चिकटलेला नाही. रंगाचा पापुद्रा तेलकट पत्र्यावरून निघतो तसा. माझ्या कामाचंच ज्ञान मी तिथे विसरले होते.

या वेळच्या डॉक्टरांनी रबर डॅम लावला. हिरव्या रबराचा चौकोनी पडदा, त्याला भोक, त्यातून फक्त माझी दाढ बाहेर. अमेरिकेतल्या सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये हा प्रकार काढला. पहिली दोन मिनिटं कोंडल्यासारखं वाटलं, मग नाकाने श्वास घेत पडून राहिले. लाळ नाही, जीभ मध्ये येत नाही, पाणी घशात नाही. कुणी हा पडदा लावायला निघालं तर नको म्हणू नका. तो नसेल तर निदान कापूस वेळेवर बदलला जातोय ना, याकडे लक्ष असू द्या, आणि भिजल्यासारखं वाटलं तर हात वर करा.

आता दुसरं घराणं. त्याच आठवड्यात सासूबाईंनाही तिथेच नेलं होतं. वय ८१, हिरड्या खाली सरकलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि दाताच्या मुळाशी, अगदी हिरडीलगत, कीड. मी डॉक्टरांना म्हटलं, “यांनाही माझ्यासारखंच भरा ना, ते मजबूत असतं.” त्या म्हणाल्या, “आजींना ते टिकणार नाही. इथे इनॅमलच नाही, आणि हिरडीतून ओल येत राहते. यांना जीआयसी.”

जीआयसी म्हणजे ग्लास आयोनोमर सिमेंट. लंडनमधल्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत ऍलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते तयार केलं, १९६९ मध्ये पेटंट केलं आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध केलं. बाटलीतली पांढरी पूड म्हणजे ऍल्युमिनियम, सिलिका, कॅल्शियम आणि फ्लोराइड असलेली काच. द्रव म्हणजे पॉलिऍक्रिलिक ऍसिड पाण्यात. डॉक्टरांनी कागदावर एक चमचा पूड, एक थेंब द्रव घेतला आणि प्लास्टिकच्या पट्टीने भराभर घोटलं. ओल्या चुन्यासारखी चकाकी आली. त्या चकाकीकडे त्या बघत होत्या. चकाकी आहे तोवर ऍसिडचे हात मोकळे असतात आणि ते दाताला धरतात. ती गेली की ते सगळे काचेशीच गुंतलेले असतात, तो माल मग टाकून द्यायचा.

ऍसिड काचेच्या कणांचा पृष्ठभाग थोडा खातं, त्यातून आधी कॅल्शियम आणि मागाहून ऍल्युमिनियम बाहेर पडतं, आणि ते ऍसिडच्या लांब साखळ्यांना एकमेकांशी बांधतं. तेच ऍसिड दातातल्या कॅल्शियमलाही धरतं. म्हणून वेगळा डिंक लागत नाही, निळा दिवाही लागत नाही. आकसण्याचा तसा ताण पडत नाही, आणि गरम-गार लागल्यावर ते जवळपास दाताइतकंच फुगतं-आकसतं. काच वितळवताना सोयीसाठी घातलेलं फ्लोराइड या जुळणीत अडकत नाही, ते हळूहळू बाहेर पडत राहतं. पहिल्या काही दिवसांत जास्त, पुढे थोडं. फ्लोराइडच्या टूथपेस्टने ते पुन्हा काहीसं भरूनही निघतं.

पण ते ठिसूळ. दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर मोठा भराव केला तर झिजतं, कोपरे तुटतात, रंगही कॉम्पोझिटइतका जिवंत नसतो. आणि पहिला दिवस नाजूक. लवकर पाणी लागलं तर वरचा थर धुऊन जातो, फार कोरडं पडलं तर भेगा जातात. म्हणून सासूबाईंच्या भरावावर डॉक्टरांनी व्हॅसलीन लावलं आणि एक दिवस त्या बाजूने चावू नका असं बजावलं. माझ्या कॉम्पोझिटचं तसं नव्हतं. बधिरपणा उतरला की जेवा, म्हणाल्या. लहान मुलांच्या दुधाच्या दातांना, हिरडीलगत, जिथे कोरडं ठेवणं शक्य नाही तिथे जीआयसीच योग्य. टांझानियात १९८०च्या दशकाच्या मध्यावर वीज नसलेल्या गावांत नुसत्या हत्यारांनी कीड खरवडून भरण्याची पद्धत सुरू झाली, ती पुढे याच सिमेंटच्या जोरावर जगभर पसरली. या दोन घराण्यांची लग्नंही झाली आहेत: जीआयसीत थोडं रेझिन घालून दिव्याने घट्ट होणारे प्रकार मिळतात. खोल खड्ड्यात खाली जीआयसी आणि वर कॉम्पोझिट असंही करतात, डॉक्टर त्याला सरळ सँडविच म्हणतात.

रंगाबद्दल थोडंच सांगते. रंग ठरवायला डॉक्टर दातासारख्या पट्ट्यांचा जुडगा धरतात. नेहमीच्या जुडग्यात १६ छटा असतात, ए१ पासून डी४ पर्यंत. ए तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळी, सी करडी, डी तांबूस-करडी. हे काम अगदी सुरुवातीला, दात ओला असताना, शक्यतो दिवसाच्या उजेडात करायचं. वाळलेला दात पांढरा दिसतो. रबर डॅम लावल्यावर रंग निवडला तर घरी गेल्यावर भरावच उठून दिसतो.

आणि हळद. चहा, तंबाखू, गुटखा यांचे डाग सगळ्यांना ठाऊक आहेत, पण आपल्या स्वयंपाकातली हळद कॉम्पोझिटला पिवळं करण्यात फार पुढे. रेझिन पाणी शोषतं, पाण्याबरोबर रंगही आत जातो. घट्ट न झालेला आणि नीट घासून चकाकी न आणलेला पृष्ठभाग जास्त रंग धरतो. प्रकाश दिल्यावरही सगळ्यांत वरचा पापुद्रा चिकट राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन तिथलं जुळणं अडवतो. तो घासून काढलाच पाहिजे, म्हणून शेवटची डिस्कची घरघर सोसा. दात ब्लीच करून पांढरे केले तर भरावाचा रंग बदलत नाही. करायचंच असेल तर आधी ब्लीच, मग दोनेक आठवडे थांबून भराव. ब्लीचनंतर दातात उरलेला ऑक्सिजनही रेझिनला नीट जुळू देत नाही.

तसाच शत्रू लवंगेचं तेल. त्यातलं युजेनॉल रेझिनच्या जुळणीत अडथळा आणतं. दाढ ठणकली की आपल्याकडे कापसाचा बोळा आधी लवंगेच्या तेलात बुडतो. त्यात गैर काही नाही, पण खुर्चीवर बसल्यावर ते सांगा. तात्पुरता लवंगी वासाचा भराव आधी कुणी केला असेल तर तेही सांगा.

मिसळीचा झणझणीत कट आणि त्यावर गार ताक, असं मामलेदारला जाऊन केलंत तर तोंडातलं तापमान क्षणात बदलतं. कॉम्पोझिट अशा वेळी इनॅमलच्या दुप्पट ते चौपट फुगतं-आकसतं. रोजच्या या ओढाताणीचा हिशेब कडेच्या जोडावर चढतो. तरी नीट कोरडं ठेवून, थर लावून भरलेलं कॉम्पोझिट दाढेत दहा वर्षं आणि त्याहूनही अधिक टिकतं. जातं ते बहुधा दोन कारणांनी: कडेने पुन्हा कीड लागते, किंवा तुकडा उडतो. पहिलं बरंचसं आपल्या घासण्यावर आणि गोड खाण्यावर.

चांदी म्हणतात तो भराव खरं तर धातूंचं मिश्रण, आणि त्यात अर्ध्याच्या आसपास पारा असतो. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला, भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि युरोपीय संघाने जानेवारी २०२५ पासून दंतोपचारातली चांदी जवळजवळ बंदच केली. पण तुमच्या दाढेत जुनी, घट्ट बसलेली चांदी असेल तर केवळ या भीतीने ती काढू नका. काढताना चांगला दात जातो आणि पाऱ्याची वाफही त्याच वेळी जास्त निघते. कॉम्पोझिटबद्दलही विचारतात, की बिस-जीएमए बिस्फेनॉल-ए पासून बनतं, मग ते बिस्फेनॉल पोटात जातं का? अगदी सूक्ष्म प्रमाणात, मुख्यतः भरल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत लाळेत सापडतं. पृष्ठभाग नीट घासून घेतला आणि लगेच चूळ भरली की ते आणखी कमी होतं.

माझी दाढ झाल्यावर डॉक्टरांनी निळा कागद दातांत धरून चावायला लावला, उंच लागत होतं तिथे निळा ठिपका उठला, तो घासला. पुन्हा कागद, पुन्हा ठिपका. तिसऱ्यांदा दोन्ही बाजू सारख्या बसल्या. मग मी त्यांना दुसरी दाढ दाखवली, जिचा वरचा चावायचा उंचवटा अर्धा उडालेला आहे. हीसुद्धा आजच भरून टाका म्हटलं.

“ही नाही भरणार, काकू. एवढा माल तोंडात घट्ट केला तर उरलेली भिंत ओढून फोडेल. हिचं माप घेते, तुकडा लॅबमध्ये बनून येईल. तो आकसायचा तेवढा तिकडेच आकसेल, इथे फक्त चिकटवायचा पातळ थर.”

पुढच्या मंगळवारी मापासाठी बोलावलंय, सकाळचा पहिला नंबर. या वेळी वेळ हातात ठेवून जाणार आहे.